मुकुटबनची भाषा : अशुद्ध नव्हे, वेगळी

वणीहून आदिलाबादकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर मुकुटबन हे स्थानक लागते. यवतमाळ जिल्ह्याच्या झरी-जामणी तालुक्यातील या गावापासून तेलंगणाची सीमा फार दूर नाही. साहजिकच या परिसरात वऱ्हाडी वळणाच्या मराठीबरोबर तेलुगू, गोंडी आणि कोलामी बोलणारे लोकही राहतात. शहरातून आलेला माणूस येथील बोलण्याला सहज 'अशुद्ध' म्हणून जातो. हा शेरा कितपत खरा आहे?

प्रथम मराठीचेच पाहू. 'मला, तुला' यांऐवजी येथे 'मले, तुले' म्हणतात. 'तो जेवून राहिला' हे वाक्य पुणेकराला भूतकाळातील वाटते. वऱ्हाडीत मात्र त्याचा अर्थ 'तो जेवत आहे' असा होतो. चालू क्रिया दाखविण्यासाठी ही रचना नियमाने वापरली जाते. जेथे नियम आहे तेथे चूक म्हणता येत नाही. तो भाषेचा निराळा प्रकार ठरतो.

कोलामीची गोष्ट याहून वेगळी आहे. कोलामांच्या वस्तीला या भागात 'पोड' म्हणतात. पोडावरची कोलामी ही मराठीची बोली नव्हेच; ती तेलुगू, गोंडी, कन्नड यांच्यासारखी द्राविडी कुळातील स्वतंत्र भाषा आहे. पाण्याला कोलामीत 'ईर' म्हणतात. तेलुगूतील 'नीरु' आणि तमिळमधील 'नीर' हे त्याच शब्दाचे सोयरे. वर्धा जिल्ह्यातील कोलामीवर आधारलेला मरे एमेनो यांचा व्याकरणग्रंथ कॅलिफोर्निया विद्यापीठाने १९५५ मध्येच प्रसिद्ध केला होता. तरीही तिला स्वतःचे व्याकरण नाही, असा समज टिकून आहे.

या समजाची किंमत पहिलीतले मूल मोजते. मराठीत तीन लिंगे आहेत. कोलामीत दोनच गट आहेत : एकात पुरुष, तर दुसऱ्यात स्त्रिया, प्राणी व वस्तू. अशा घरातून आलेल्या मुलाचा 'तो, ती, ते' यांत गोंधळ होणे स्वाभाविक होय. हा गोंधळ बुद्धीचा नव्हे, दोन व्याकरणांमधील अंतराचा आहे. शिक्षकाला हे ठाऊक असेल तर तो नेमके तेवढेच समजावून देतो. ठाऊक नसेल तर मूल 'मंद' ठरते आणि हळूहळू गप्प बसू लागते.

विशेष म्हणजे या दोन भाषा एकमेकींना अगदीच परक्या नाहीत. 'आम्ही जातो' म्हटले की ऐकणारा वगळला जातो. 'आपण जाऊ' म्हटले की तो सामील होतो. हिंदीतील 'हम'मध्ये हा भेद नाही. तेलुगूत तो 'मेमु' आणि 'मनमु' असा आहे, कोलामीतही आहे. मराठीतील हा भेद द्राविडी भाषांच्या दीर्घ सहवासातून आला असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. कोलामीला परकी समजणारा मराठी माणूस तिच्या कुळाचा हा वारसा रोज उच्चारत असतो.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील कोलामांची लोकसंख्या सुमारे १ लाख ९४ हजार होती. कोलामी ही मातृभाषा सांगणारे मात्र संपूर्ण देशात सुमारे १ लाख २८ हजारच होते. याचा अर्थ उघड आहे. अनेक कोलाम कुटुंबांत घरची भाषा बदलली आहे, किंवा निदान सरकारी कागदावर तरी ती सांगितली जात नाही.

भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असे राज्यघटनेचे कलम ३५० (अ) सांगते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचाही भर त्यावरच आहे. प्रत्येक पोडावर कोलामी पाठ्यपुस्तक पोहोचणे अवघड असेल. परंतु मुलाच्या बोलण्यावर 'चूक' अशी खूण करण्यापूर्वी ते कोणत्या भाषेचा नियम पाळत आहे, हे पाहण्यास फारसा खर्च येत नाही. मराठी त्याला शिकायचीच आहे. मात्र त्यासाठी घरची भाषा टाकून देण्याची अट असू नये.