माए ताओ चिकित्सालय
ब्रह्मदेशातील (म्यानमार) निर्वासित व स्थलांतरित कुटुंबांना आरोग्यसेवा पुरविणारी थायलंडमधील स्वयंसेवी संस्था. ताक प्रांतातील माए सॉट या सरहद्दीवरील शहरात ती आहे. ब्रह्मदेशात सप्टेंबर १९८८ मध्ये लष्कराने सत्ता बळकावल्यावर अनेक विद्यार्थी व नागरिक सीमेपलीकडे आले. त्यांपैकी करेन जमातीच्या डॉक्टर सिंथिया माउंग (१९५९– ) यांनी १९८९ मध्ये हे चिकित्सालय सुरू केले. साधनांच्या अभावी प्रारंभी उपकरणे भात शिजविण्याच्या भांड्यात उकळून निर्जंतुक केली जात. पुढे हिवताप, प्रसूती, बालकांचे लसीकरण व सुरुंगस्फोटात पाय गमावलेल्यांसाठी कृत्रिम अवयव असे विभाग निघाले. निर्वासितांतूनच आरोग्यसेवक तयार करणे, हे संस्थेचे वैशिष्ट्य होय.

थायलंडने १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर स्वाक्षरी केलेली नाही. त्यामुळे छावणीबाहेरील कागदपत्रहीन कुटुंबे अटकेच्या भीतीने सरकारी रुग्णालये टाळतात व त्यांच्या अपत्यांच्या जन्माची नोंद राहून जाते. म्हणून चिकित्सालयाने दिलेला जन्माचा दाखला औषधोपचाराइतकाच मोलाचा ठरतो. थायलंडमध्ये जन्मलेल्या प्रत्येक बालकाची नोंद २००८ च्या कायदेदुरुस्तीने शक्य झाली. तथापि नोंदीमुळे नागरिकत्व मिळत नाही.

सिंथिया माउंग यांना २००२ मध्ये मागसायसाय पुरस्कार लाभला. फेब्रुवारी २०२१ मधील लष्करी उठावानंतर निर्वासितांचा ओघ पुन्हा वाढला. अशा कार्याचा मुख्य आधार परदेशी देणग्या हाच असल्याने ते अस्थिर राहते : २०२५ च्या आरंभी अमेरिकेने मदत थांबविताच सीमेवरील छावण्यांतील अनेक दवाखाने बंद पडले.