पोथ्यांची ती दुकाने

आषाढ शुद्ध एकादशीस चातुर्मासास आरंभ होतो आणि भाविकांच्या घरी पोथी लागते. कोठे ‘शिवलीलामृत’, कोठे ‘हरिविजय’, तर कोठे संस्कृत भागवत. परंतु ज्या दुकानांतून या पोथ्या घरी येत, तशी दुकाने आमच्या पंढरीत आता शोधावी लागतात.

१९७० नंतरच्या दशकात, आमच्या विद्यार्थिदशेत, मंदिराच्या परिसरात बुक्का, अष्टगंध, तुळशीच्या माळा, चुरमुरे-बत्तासे यांच्या दुकानांच्या ओळीतच पोथ्यांचे दुकान असे. शेजारच्या बुक्क्याचा गंध पोथ्यांच्या पानांना लागे आणि वर्षानुवर्षे जात नसे. (हल्लीच्या बुक्क्याविषयी न बोललेले बरे!) फळ्यांच्या मांडणीवर लाल खारव्यात बांधलेल्या पोथ्या आडव्या रचलेल्या. सुटी, लांबट पाने. मध्ये ठळक टाइपात मूळ श्लोक आणि वर-खाली बारीक टाइपात टीका. त्यांत मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याच्या पोथीचा मान मोठा. जावजी दादाजी यांनी १८६९ मध्ये उभारलेल्या त्या छापखान्याचे सुबक टाइप आणि शुद्ध मुद्रण यांवर काशीचे पंडितही विसंबत. तो छापखाना बंद पडूनही आता बराच काळ लोटला.

दुकानदार म्हणजे नुसता विक्रेता नव्हे. “पारायण कशासाठी? घरात वाचणार कोण?” असे तो प्रथम विचारी. ज्याला जोडाक्षरे अडत, त्याला मोठ्या टाइपाचीच पोथी देई. मग गिऱ्हाइकासमोर एकेक पान मोजून, कोरा रुमाल गुंडाळून, पोथी कपाळाला लावून हाती ठेवी. पैसे कमी पडले तर आषाढीची उधारी कार्तिकीला फिटे; वारकऱ्याचे गाव वहीत लिहिले की पुरे.

पाने मोजण्यास कारण होते. सुट्या पोथीतले पान हरवते, वाळवी खाते, दिव्याच्या ज्योतीने होरपळते. आणि खंडित पोथीवर पारायण करू नये, असा आपल्याकडे संकेत आहे. यासाठी जुने दुकानदार निरनिराळ्या पोथ्यांची सुटी पाने गठ्ठे बांधून जपत. गठ्ठ्यात नेमके पान न सापडल्यास बोरूने लिहून देत. त्याचे मोल घेत नसत.

पुढे बांधीव, स्वस्त आवृत्त्या आल्या. १९२३ साली स्थापन झालेल्या गोरखपूरच्या गीता प्रेसने धर्मग्रंथ अल्प मोलात घरोघर पोचविले. हे उपकार थोर आहेत आणि मी ते नाकारीत नाही. परंतु बांधीव ग्रंथास सुटे पान लागत नाही, म्हणून गठ्ठे जपणाराही उरला नाही. परिणामी एखादे पान गेले की आजोबांची सबंध पोथी नदीत सोडतात. चंद्रभागेच्या वाळवंटात मी अशा भिजलेल्या पोथ्या पाहिल्या आहेत. वाचकहो, विसर्जनापूर्वी ती पोथी जाणत्याला एकदा दाखवा. ती हस्तलिखित असेल, तर पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरासारख्या संस्थेकडे विचारणा करा. छापील असेल, तर शेजारच्या घरातील तशाच पोथीवरून गेलेले पान लिहून काढता येते. एका दुपारचे काम आहे.

माझ्या भागवताच्या दशमस्कंधात असे एक हातचे पान आहे. शाई तपकिरी झाली आहे, टीकेच्या ओळी समासात किंचित चढल्या आहेत. पण पाठ तपासून पाहिला, एका मात्रेचीही चूक नाही.