कवड्या आणि मण्यार : साम्य व भेद

महाराष्ट्रात घरांच्या आसपास आढळणारा बिनविषारी कवड्या आणि अतिविषारी मण्यार हे दोन्ही साप निशाचर असून दोहोंच्या अंगावर पांढरट आडवे पट्टे असल्यामुळे मण्यार समजून कवड्या पुष्कळदा हकनाक मारला जातो. निरुपद्रवी प्राण्याला भक्षकांपासून वाचवणाऱ्या अशा साम्यास, हेन्री वॉल्टर बेट्स यांनी १८६२ मध्ये फुलपाखरांविषयी केलेल्या विवेचनावरून, ‘बेट्सीय अनुकृती’ म्हणतात.

कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होऊन शेपटीकडे पुसट होत जातात, तर मण्यारीचे, बहुधा जोडीजोडीने असणारे पट्टे डोक्यापासून काही अंतरावर सुरू होऊन शेपटीकडे ठळक होतात. शिवाय तिच्या काळ्या, चकचकीत पाठीच्या मध्यरेषेवर मोठ्या षटकोनी खवल्यांची रांग असते, जी कवड्याच्या तपकिरी पाठीवर नसते. पालींच्या शोधात कवड्या खडबडीत भिंतीवरही सहज चढतो.

तथापि, अंधारात ही लक्षणे फसवी ठरू शकतात आणि मण्यारीचा दंश फारसा दुखत नसला तरी तिचे विष मज्जासंस्थेवर आघात करून श्वसन बंद पाडते. म्हणून साप दिसल्यास दूर राहून सर्पमित्रास बोलवावे आणि दंश झाल्यास सापाची ओळख पटवत न बसता तत्काळ रुग्णालय गाठावे.