रापणीवरचा कॅमेरा

मालवणच्या दांडी किनाऱ्यावर रापण काठाला लागली की दोन-चार मोबाइल तिच्याकडे वळतातच. ‘मालवणी लाईफ’, ‘कोकणी रानमाणूस’ यांसारख्या यूट्यूब वाहिन्यांनी सिंधुदुर्गातली माणसं, जेवण आणि बोली दूरवर पोचवली. त्याआधी २०१६मध्ये ‘रात्रीस खेळ चाले’ या मालिकेनं मालवणी बोलीला घरोघरी ओळख दिली होती. या वाहिन्या चालवणाऱ्या तरुणांचं मला मनापासून कौतुक वाटतं. पण कॅमेरा बहुधा जाळं किनाऱ्याला लागल्यावर सुरू होतो. आधी वाळूवरचे बांगडे, मग तव्यावरचे.

खरी रापण त्याच्या बरीच आधी सुरू झालेली असते. होडी जाळं सोडत अर्धवर्तुळात फिरते, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरची माणसं ओढतात, शेवटी वाटे पडतात. हे सगळ्यांना दिसतं. जाळं कुठे टाकायचं हे ठरवणारा जाणता मात्र बराच वेळ नुसता पाण्याकडे बघत असतो. पाण्याचा पालटलेला रंग, एकाच जागी घिरट्या घालणारे पक्षी, वाऱ्याची दिशा. भरतीसाठी त्याला तक्ता लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची: चतुर्थीला तीनच्या सुमारास पूर्ण भरती, अष्टमीला सहाच्या. भरती रोज पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते, म्हणून हा तोंडी हिशेब जमतो. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. ओहोटीला खाडीत तिसऱ्या आणि कालवं काढणाऱ्या बायकांचंही या गणितावाचून चालत नाही, तरी त्यांच्याकडे कॅमेरा क्वचितच वळतो.

शिडाच्या होड्या पहाटे मतलई वाऱ्यावर बाहेर पडत आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर परतत. खोल पाण्यातला खडक शोधायचा तर किनाऱ्यावरचा डोंगर आणि देवळाचा कळस एका रेषेत आणायचे, दुसऱ्या बाजूच्या दोन खुणा जुळवायच्या; दोन रेषा छेदतात तिथे खडक. गाबीत मच्छीमारांच्या घरांत हे शिक्षण बापाकडून मुलाला होडीवरच मिळालं. इंजिनानं वाऱ्याची गरज कमी केली, जीपीएसनं खुणांची.

सिनेमाला मच्छीमार नवा नाही. १९४८मध्ये दिग्दर्शक विस्कोंतीनं ‘ला तेर्रा त्रेमा’मध्ये सिसिलीच्या कोळ्यांनाच त्यांच्या बोलीत बोलायला लावलं. १९६५च्या ‘चेम्मीन’नं केरळचा किनारा देशभर पोचवला. आपल्याकडे मुंबईच्या दोन कोळी मित्रांवरचा सर्वनिक कौर यांचा ‘अगेन्स्ट द टाइड’ २०२३मध्ये सनडान्स महोत्सवात गौरवला गेला. तिन्ही मोलाची कामं, पण दिग्दर्शक बाहेरून आलेले. चिलीच्या दक्षिणेत निराळं घडलं. मापुचे आदिवासींमधल्या लाफकेन्चे या समुद्रकाठच्या समाजाच्या नावानं ओळखला जाणारा कायदा २००८मध्ये झाला आणि आदिवासी समाजांना वहिवाटीच्या किनारी पाण्याची व्यवस्था स्वतःकडे मागता येऊ लागली. तिथेच बुदी सरोवराकाठी मापुचेंनी स्वतःची सिनेमाशाळा उभी केली. समुद्रावरचा हक्क सांगायचा तर तो समुद्र आपण कसा ओळखतो हेही सांगावं लागतं. मला यातला हाच धागा मालवणसाठी महत्त्वाचा वाटतो.

कारण इथेही भांडण हक्काचंच आहे. पर्ससीन जाळ्यांच्या मोठ्या बोटीवाले आणि पारंपरिक मच्छीमार यांच्यातला संघर्ष जुना. डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर ५ फेब्रुवारी २०१६ला राज्यानं पर्ससीनवर निर्बंध आणले. २०१७मध्ये केंद्रानं एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली. १९८७मध्ये मालवणचं सागरी अभयारण्य जाहीर झालं, तेव्हाही आपल्या मासेमारीचं काय होणार ही धास्ती किनाऱ्यावर होतीच. अशा वेळी ‘आम्ही पिढ्यानपिढ्या इथे आहोत’ एवढं म्हणून भागत नाही. कुठला मासा कुठल्या दिवसांत किनाऱ्याशी येतो, कधी जाळं टाकायचं नाही, हे जाणत्यांच्या तोंडून नोंदलेलं असेल तर त्याला वजन येतं.

पण सगळंच दाखवावं का? खडकाची खूण यूट्यूबवर गेली की ती मोठ्या बोटींनाही कळते. पिढ्यांनी राखलेली जागा एका व्हिडिओत हातची जाईल. म्हणून चित्रण करणारं पोर त्याच वाडीतलं हवं, काय दाखवायचं आणि काय झाकायचं हे ज्याला घरात विचारता येईल असं.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या, जाळी दुरुस्तीला काढलेली, आजोबांनाही बोलायला सवड. तेव्हा चित्रण करावं. बोलणं मालवणीतच ठेवावं, खाली हवी तर प्रमाण मराठीतली उपशीर्षकं. आजोबांनी हात वर केला की मोबाइल बंद करावा आणि ते पुढे सांगतील ते नुसतं ऐकावं.