स्टीअरिंगमागचे दोन पॅडल

मुखेडहून अहमदपूर, अंबाजोगाई, केज करत छत्रपती संभाजीनगर गाठायचं, तर बीडच्या अलीकडे मांजरसुंब्याचा घाट उतरावा लागतो. उच्च न्यायालयाचं खंडपीठ संभाजीनगरात असल्यामुळे नांदेड-लातूरच्या पक्षकारांना या वाटेचे खाचखळगे चांगले ठाऊक असतात. घाटासाठी जुन्या ड्रायव्हरांचा एक नियम आहे : ज्या गिअरवर चढायचं, त्याच गिअरवर उतरायचं. ट्रक असो, एसटी असो की जीप, त्यात सूट नाही. आता दारोदारी ऑटोमॅटिक गाड्या उभ्या आहेत. क्लच गेला, गिअर गाडीच बदलते. मग हा नियम पाळायचा कसा?

त्याची सोय स्टीअरिंगच्या मागे केलेली असते. डावीकडे वजा आणि उजवीकडे अधिक अशी खूण असलेले हे दोन छोटे पॅडल. स्टीअरिंगवरची पकड न सोडता बोटाने डावं ओढलं की गिअर एकाने खाली येतो, उजवं ओढलं की एकाने वर जातो.

हे तंत्र शर्यतीच्या मैदानातून आलं. फॉर्म्युला वनमध्ये ते प्रथम आणलं फेरारीने, 1989 साली. जॉन बर्नार्ड या इंग्रज डिझायनरला ड्रायव्हरच्या बाजूने गिअरबॉक्सपर्यंत जाणारा दांडा नको होता. तो काढला तर गाडी अरुंद होणार होती आणि ड्रायव्हरचे दोन्ही हात स्टीअरिंगवर राहणार होते. त्यातून फेरारी 640 आणि तिचा सात गिअरचा गिअरबॉक्स जन्माला आला. सरावात ही गाडी सारखी बंद पडायची. तरीही हंगामाच्या पहिल्याच, ब्राझीलच्या शर्यतीत नायजेल मॅन्सेल ती घेऊन पहिला आला. मधे थांबून त्याला स्टीअरिंगसुद्धा बदलून घ्यावं लागलं होतं. पुढच्या काही वर्षांत बाकीच्या संघांनीही हीच वाट धरली. 1997 मध्ये फेरारीच्या एफ 355 मधून पॅडल रस्त्यावरच्या गाडीत आले.

आपल्याकडे होंडा सिटीच्या तिसऱ्या पिढीने ते मध्यमवर्गाच्या अंगणात आणले. आज तर ही वस्तू महाराष्ट्रातच गाड्यांना बसते. चाकणमध्ये तयार होणाऱ्या स्कोडा कुशाक आणि फोक्सवॅगन व्हर्टसच्या ऑटोमॅटिक प्रकारांत पॅडल मिळतात. रांजणगावच्या कारखान्यातल्या टाटा नेक्सॉनला ते 2023 च्या नव्या रूपात मिळाले.

पॅडल म्हणजे खरं तर एक साधा स्विच. तो ओढला की गिअरबॉक्सच्या संगणकाकडे मागणी जाते. संगणक आधी गाडीचा वेग आणि इंजिनचे फेरे पाहतो. ताशी 100 च्या वेगात कुणी थेट दुसरा गिअर मागितला, तर तो देत नाही. तसं केलं तर इंजिनचीच वाट लागेल. वेग पुरेसा उतरला असेल तरच मागणी मान्य होते. मीटरवरचा आकडा चारचा तीन होतो, इंजिनचा आवाज चढतो आणि ब्रेकला पाय न लावता गाडी ओढून धरल्यासारखी होते.

घाटात हीच ओढ उपयोगी पडते. उतारभर ब्रेक दाबून धरला तर डिस्क आणि पॅड तापतात, ब्रेक ऑइल उकळू लागतं आणि ब्रेकचं पेडल मऊ पडतं. खालच्या गिअरमध्ये गाडीचा भार इंजिन पेलतं. तेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रलला सोडण्याची सवय अजून बऱ्याच जणांना आहे. आजच्या इंजेक्शनच्या इंजिनात हिशेब उलटा आहे. गिअरमध्ये राहून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की इंजेक्टर इंधन सोडणंच थांबवतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरतं इंधन जळतच राहतं.

पॅडलचा दुसरा उपयोग सपाट रस्त्यावर. मुखेडहून नरसीला येऊन देगलूरमार्गे हैदराबादकडे निघालं की पुढे कधी ना कधी उसाची ट्रॉली किंवा लांबलचक ट्रेलर येतो. समोरचा रस्ता मोकळा दिसताच डावं पॅडल एकदा ओढावं. गिअर आधीच खाली आलेला असला की ॲक्सिलरेटर दाबताच गाडी उचल घेते आणि ट्रॉलीच्या बाजूने जाण्याचा वेळ कमी होतो.

काही गोष्टी मात्र शोरूममधून गाडी घेतानाच विचारून घ्याव्यात. गिअरचा दांडा डी (ड्राइव्ह) वर असताना पॅडल ओढलं, तर पुष्कळ गाड्या थोड्या वेळाने पुन्हा स्वतःच गिअर बदलू लागतात. म्हणून लांब उतारासाठी दांडा एस (स्पोर्ट) किंवा एम (मॅन्युअल) वर घ्यावा लागतो. आपल्या गाड्यांत पॅडल स्टीअरिंगबरोबर फिरतात, त्यामुळे ऐन वळणात डावं-उजवं शोधत बसायची वेळ येते. गिअर वळणाआधीच बदलावा. शिवाय पॅडलने वेग कमी केला तर मागचा लाल दिवा लागत नाही. पाठीशी ट्रक असेल तर ब्रेकला हलकासा पाय लावून त्याला सावध करणं गरजेचं आहे.

सीव्हीटी गाड्यांत मुळात ठरावीक गिअर नसतातच. तिथे संगणक पायऱ्या आखून देतो आणि पॅडलने त्या चढता-उतरता येतात. विजेच्या गाड्यांत तर त्यांचं कामच बदललं. 2019 मध्ये भारतात आलेल्या ह्युंदाई कोनामध्ये पॅडलने गिअर नव्हे, तर मोटरची ओढ कमी-जास्त होते. उतारावर मोटर जनित्रासारखी फिरते आणि वेग कमी होताना तयार झालेली वीज बॅटरीत जाते.

घरात पॅडलची गाडी असूनही ते एकदाही न ओढलेली मंडळी कमी नाहीत. सराव करायला घाटाची वाट बघायची गरज नाही. सकाळच्या मोकळ्या, सरळ रस्त्यावर पन्नास-साठच्या वेगात एकेक गिअर खाली-वर करून पाहावा आणि मीटरवरचा आकडा व इंजिनचा आवाज ओळखीचा करून घ्यावा. मांजरसुंब्याचा उतार सुरू होण्याआधी एवढी तयारी झालेली असली पाहिजे.