दोन रोटर आणि अफवांचा धूर

माझदा हे नाव आपल्यापैकी बहुतेकांनी पहिल्यांदा वाचलं ते स्वराज माझदाच्या मिनीबसच्या नाकावर. शाळेच्या सहलीची, लग्नाच्या वऱ्हाडाची ती गाडी. त्याच हिरोशिमाच्या कंपनीनं एक बुटकी, वाटोळ्या अंगाची आणि इंजिनात एकही पिस्टन नसलेली स्पोर्ट्स कार बनवली होती, हे कळायला 'फास्ट अँड फ्युरिअस' यावा लागला, नाहीतर 'इनिशियल डी' या जपानी कार्टून मालिकेतली ती पिवळी गाडी. माझदा आरएक्स-७ ची ही तिसरी पिढी. शौकीन तिला एफडी म्हणतात. डिसेंबर १९९१ मध्ये ती जपानमध्ये विकायला आली आणि ऑगस्ट २००२ मध्ये बंद झाली. म्हणजे सगळ्यांत धाकटी एफडीसुद्धा आता विशी उलटून गेलेली आहे. एवढ्या वर्षांत तिच्या पत्र्यावर चढला नसेल एवढा गंज तिच्याबद्दलच्या माहितीवर चढला आहे.

पहिली आणि सगळ्यांत चिवट समजूत अशी: रोटरी इंजिन जन्मतःच नाजूक, लाखभर किलोमीटर झाले की उडालंच म्हणून समजा.

या समजुतीला जुना आधार आहे, हे मान्य करू. माझदानं १९६१ मध्ये जर्मनीच्या एनएसयू कंपनीशी करार करून वँकेल, म्हणजे रोटरी इंजिनाचं तंत्र घेतलं, तेव्हा पिस्टनऐवजी फिरणाऱ्या तिकोनी रोटरच्या टोकांवरची सीलं त्याच्या घराच्या (हाउसिंगच्या) आतल्या भिंतीवर लाटांसारखे ओरखडे काढत. हिरोशिमात त्यांना सैतानाच्या नखांच्या खुणा म्हणत. केनिची यामामोतो आणि त्यांच्या हाताखालच्या इंजिनिअरांनी कार्बन आणि अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रणाची सीलं वापरून तो प्रश्न सोडवला आणि १९६७ मध्ये कॉस्मो स्पोर्ट बाजारात आणली. पुढे १९९१ मध्ये चार रोटरच्या ७८७बी गाडीनं ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली. नाजूक इंजिनाचं हे काम नव्हे. (त्या विजयामुळे चिडून आयोजकांनी रोटरीवर बंदी घातली, ही आणखी एक लाडकी कथा. साडेतीन लिटर पिस्टन इंजिनांचा नवा नियम त्या शर्यतीच्या आधीच ठरलेला होता.)

मग एफडीची इंजिनं मरतात कशानं? बऱ्याचदा उष्णतेनं. पिस्टनच्या इंजिनात एकाच सिलिंडरमध्ये थंड मिश्रण येतं आणि तिथेच स्फोटही होतो, त्यामुळे धातूला मधूनमधून दम खायला मिळतो. रोटरीत तसं नाही. घराची एक बाजू कायम थंड हवा ओढते, समोरची बाजू कायम जाळते. त्यात घरं अ‍ॅल्युमिनियमची, त्यांच्या मधल्या आणि बाजूच्या तीन प्लेटा बिडाच्या, आणि हे सगळं थर लावल्यासारखं लांब बोल्टांनी आवळलेलं. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम बिडापेक्षा जास्त फुगतं. या ओढाताणीत पाणी अडवून धरायचं काम असतं एका बारीक रबरी सीलाचं. वीस-पंचवीस वर्षांत ते रबर कडक होतं. मग सकाळी चालू करताना पांढरा धूर, रेडिएटरमध्ये बुडबुडे, आणि गळती कुठेच दिसत नसताना कमी होणारं कूलंट. मालक मात्र रोटरच्या टोकाच्या सीलांना शिव्या देत बसतो.

इथे कंपनीच्याही दोन चुका सांगायला हव्यात. सुरुवातीच्या गाड्यांत कूलंटमधली हवा वेगळी करणारी छोटी प्लॅस्टिकची टाकी आहे. ती वर्षानुवर्षं तापून तापून तडकते आणि बहुतेक वेळा रस्त्यातच तडकते. शहाणे मालक गाडी घरी आणल्या आणल्या तिच्या जागी अ‍ॅल्युमिनियमची बसवतात. दुसरी चूक डॅशबोर्डवरच्या तापमानाच्या काट्याची. मधल्या भल्यामोठ्या पट्ट्यात तो जागचा हलतच नाही. तो हलू लागतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. म्हणून एफडी घेतल्यावर पहिला खर्च खरा आकडा दाखवणाऱ्या मीटरवर, रेडिएटरवर आणि पाण्याच्या नळ्यांवर व्हावा. चकचकीत चाकांचं नंतर बघता येतं.

'ही गाडी ऑइल पिते, म्हणजे इंजिनाचं काम निघालं.' हे ऐकून कित्येकांनी चांगल्या गाड्या नाकारल्या असतील. रोटरच्या टोकांना वंगण मिळावं म्हणून एक पंप मोजून-मापून ऑइल आत सोडतो आणि ते पेट्रोलबरोबर जळून जातं. रचनाच तशी आहे. साधारण दीड ते अडीच हजार किलोमीटरला लिटरभर ऑइल गेलं तर ते तब्येतीचं लक्षण. उलट दोन सर्व्हिसिंगांच्या मध्ये ऑइलची पातळी तसूभरही न उतरणारी एफडी दिसली, की त्या पंपाकडे संशयानं बघावं. काही मालक टाकीत पेट्रोलबरोबर थोडं टू-स्ट्रोकचं ऑइलही घालतात. आपल्याकडच्या जुन्या लुना-बजाजवाल्यांना त्यात नवल वाटणार नाही.

'इंजिन तेराशे सीसीचं आहे, मग अ‍ॅव्हरेज का देत नाही?' दोन रोटर, प्रत्येकी ६५४ सीसी, एकूण १३०८. आकडा खरा, पण तो फसवतो. चार स्ट्रोकच्या पिस्टन इंजिनाला आपली पूर्ण क्षमता वापरायला शाफ्टचे दोन फेरे लागतात. रोटरीचा प्रत्येक रोटर शाफ्टच्या दर फेऱ्याला एक स्फोट करतो. हवा ओढण्याच्या हिशेबानं हे इंजिन २६०० सीसीच्या पंक्तीत बसतं. जपानचं करखातंही हे जाणून आहे: रोटरीचे सीसी दीडपट धरून कर लावतात, म्हणजे १९६२. त्यात स्फोटाची पोकळी लांबट आणि चपटी असते, म्हणून भिंतींना लागून बरीच उष्णता फुकट जाते. शहरात लिटरला सहा-सात किलोमीटर मिळाले, तर गाडी ठीक चालली आहे असं समजावं.

आता मॉडिफिकेशन. इथे गैरसमज महागात पडतो.

'सायलेन्सर मोकळा केला, एअर फिल्टर बदलला, तर नुकसान काय? इंजिनाला तर हातही लावला नाही!' साध्या, टर्बो नसलेल्या गाडीत हा युक्तिवाद चालून जातो. एफडीत दोन टर्बो आहेत आणि जादा दाब बाहेर सोडणारी त्यांची खिडकी लहान आहे. एक्झॉस्टचा अडथळा काढला की टर्बो अधिक जोरात फिरतात, ती छोटी खिडकी पुरत नाही आणि दाब ठरलेल्या मर्यादेच्या वर सरकू लागतो. गाडीचा मूळ कॉम्प्युटर जादा हवेचा हिशेब एका मर्यादेपर्यंतच ठेवतो. त्यापुढे पेट्रोल कमी पडतं, मिश्रण वेळेआधी पेटतं. पिस्टनच्या इंजिनात अशा वेळी ठकठक ऐकू येते आणि पाय मागे घ्यायला थोडा अवधी मिळतो. रोटरीत दोन मिलिमीटर जाडीचं सील एका फटक्यात तुटू शकतं, आणि त्याचा तुकडा बाहेर पडता पडता टर्बोची पातीही खाऊन जातो. मूळ कॅटॅलिटिक कन्व्हर्टर फेकून मोकळी पाइप बसवायची आणि कॉम्प्युटर तसाच ठेवायचा, या घाईनं जेवढी इंजिनं गेली, तेवढी शर्यतीच्या ट्रॅकवरही गेली नसतील असं माझं मत आहे. क्रम उलटा हवा. आधी पाणी, मग पेट्रोल, मग बदलता येईल असा कॉम्प्युटर, आणि सगळ्यांत शेवटी हवा.

याच विषयाचा पोटभाग म्हणजे ते दोन टर्बो. खालच्या आरपीएमला एक चालतो, साडेचार हजारांच्या आसपास दुसरा त्याला येऊन मिळतो. ही अदलाबदल रबरी व्हॅक्यूम नळ्यांच्या जंजाळातून चालते. इंजिनावरच्या त्या गुंत्याला परदेशातले मालक उंदराचं घरटं म्हणतात. पंचवीस वर्षं तापलेली नळी बोटात धरली तर बिस्किटासारखी मोडते. एक चिरली की दुसरा टर्बो झोपतो, गाडी मधेच आचके देते, आणि गॅरेजवाला सांगतो, 'ही सिस्टिमच भंगार, काढून टाका.' भंगार असतं ते रबर. सगळ्या नळ्या सिलिकॉनच्या घातल्या, व्हॉल्व्ह तपासले, की मूळ रचना पुन्हा नीट चालते. एका दिवसाचं किचकट काम आहे, पण हाताला संयम असेल तर घरी होण्याजोगं.

आवाजाबद्दल थोडं. व्हिडिओंत ऐकलेला तो तुटक, ढोल बडवल्यासारखा आयडलिंगचा आवाज म्हणजे रोटरीची ओळख, असं पुष्कळांना वाटतं. तो आवाज येतो रोटरच्या बाजूची हवेची भोकं कोरून मोठी केलेल्या इंजिनातून. कारखान्यातून निघालेली एफडी आयडलिंगला बऱ्यापैकी एकसुरी चालते. ती जर अडखळत बोलू लागली, तर रोटरच्या तीन तोंडांपैकी एकाचं कॉम्प्रेशन गेलेलं असू शकतं. त्यावर खूश होऊन मित्रांना बोलावू नये.

'वापरली नाही, झाकून ठेवली, म्हणजे नव्यासारखी.' उभ्या गाडीत सीलं आपल्या खाचांत चिकटतात, ऑइलला ओल धरते, पाण्याच्या वाटांना गंज चढतो, रबर वापराशिवायही म्हातारं होतं. हळू चालवली म्हणजे जपली, हेही तितकंच खोटं. पूर्ण तापल्यावर इंजिनाला अधूनमधून मोकळेपणानं वरपर्यंत फिरवलं नाही, तर कार्बन साचतो. एक गोष्ट मात्र खरंच टाळावी: थंड गाडी चालू करून दोन हात पुढे घ्यायची आणि लगेच बंद करायची. थंड असताना आत जादा पेट्रोल सोडलेलं असतं. ते सीलांवरचं ऑइल धुऊन काढतं आणि पुढच्या वेळी गाडी नुसती गरगरते, पेट घेत नाही.

'जपानमध्ये दहा वर्षांनी गाडी मोडीत काढावीच लागते', 'तिथे काहीही मॉडिफाय करा, चालतं.' दोन्ही चूक. तिथे शाकेन नावाची तपासणी नव्या गाडीला तीन वर्षांनी आणि नंतर दर दोन वर्षांनी असते. ती पार झाली की गाडी कितीही जुनी चालते, फक्त पेट्रोल गाडीला तेरा वर्षांनंतर वाहनकर सुमारे १५ टक्के जास्त. मॉडिफिकेशनचं म्हणाल तर जमिनीपासून नऊ सेंटिमीटर अंतर हवं, मोठे बदल नोंदवायला हवेत, आणि बेकायदा बदलांना सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा तीन लाख येनपर्यंत दंड आहे. सुटे भाग मिळत नाहीत ही ओरडही आता अर्धीच खरी: २०२० च्या अखेरीपासून माझदानं आरएक्स-७ चे बंद पडलेले काही भाग पुन्हा बनवून द्यायला सुरुवात केली.

पुण्या-मुंबईत एक मागवता येईल का, असं विचारणाऱ्यांनी जरा थांबावं. वापरलेली गाडी भारतात आणायची तर ती तीन वर्षांहून जुनी चालत नाही, आणि विंटेज गाड्यांची सवलत मिळण्याइतकी एफडी अजून म्हातारी झालेली नाही. मेलबर्न, ऑकलंड किंवा न्यू जर्सीला असणाऱ्या आपल्या मंडळींना मात्र मोह पडू शकतो. त्यांनी साध्या गेजवर कॉम्प्रेशन बघून समाधान मानू नये. तो गेज तिन्ही तोंडांतला सर्वांत चांगला आकडा दाखवून मोकळा होतो. रोटरीचा खास टेस्टर लागतो, तो तिन्हींचे वेगळे आकडे देतो. आणि विकणाऱ्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवावं की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. थंड इंजिन चालू होताना मागे उभं राहून धूर बघायचा. मग अर्धा तास फिरवायची, बंद करायची, चहा घ्यायचा, आणि तापलेल्या इंजिनावर दहा मिनिटांनी ती पुन्हा एका झटक्यात चालू होते का, ते ऐकायचं.