वायफाय बिघडलंय की वीज कमी पडतेय?

छताला लावलेल्या ॲक्सेस पॉइंटला, म्हणजे वायफायच्या त्या पांढऱ्या तबकडीला, विजेची वेगळी वायर नसते. स्विचकडून आलेली एकच नेटवर्क केबल डेटाही आणते आणि वीजही. यालाच पीओई म्हणतात. तबकडी सकाळी नीट चालते, माणसं वाढली की बंद पडून पुन्हा सुरू होते, आणि मग तीच खराब ठरवून बदलली जाते. माझं म्हणणं एवढंच, की आधी वॅट मोजा.

स्विच वाटेल त्याला वीज देत नाही. अगदी कमी व्होल्टेज सोडून पलीकडे सुमारे 25 किलोओहमचा रोध आहे का, हे तो आधी चाचपतो. तो सापडला, तरच साधारण 48 व्होल्ट पाठवतो. म्हणून त्याच पोर्टला लॅपटॉप लावला तरी जळत नाही. 2003 च्या मानकानुसार पोर्टमधून 15.4 वॅट निघतात, पण शंभर मीटर केबलमधली घट धरून उपकरणाच्या हाती 12.95 वॅटच पडतात. 2009 मध्ये हे आकडे 30 आणि 25.5 झाले. नवा ॲक्सेस पॉइंट जुन्या स्विचला लावला, तर दिवा लागतो; पण अनेक मॉडेल वीज पुरत नाही म्हणून एखादा रेडिओ बंदच ठेवतात.

एकूण हिशेबही पाहावा लागतो. 24 पोर्टांना प्रत्येकी 30 वॅट म्हणजे 720. स्विचचं पॉवर बजेट 370 वॅट असेल, तर पूर्ण भाराची बाराच उपकरणं चालतील.

पण मला खरी चीड येते ती सीसीए केबलची. तांब्याचा नुसता मुलामा, आत ॲल्युमिनियम, आणि रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त. डेटा जातो, म्हणून शंका कोणालाच येत नाही. लांब अंतरावर मात्र व्होल्टेज पडतं, केबल तापते.

तपासायचं असेल तर ॲक्सेस पॉइंट उतरवून स्विचपाशी आणा, छोट्या चांगल्या पॅच कॉर्डने त्याच पोर्टला जोडा आणि बरेच फोन जोडून तासभर चालू द्या. टिकला, तर दोष भिंतीतल्या केबलमध्ये किंवा जॅकमध्ये. नाही टिकला, तर दुसरा पोर्ट, मग त्याच मानकाचा इंजेक्टर, म्हणजे केबलमध्ये वीज सोडणारं वेगळं उपकरण, लावून पाहा. 24 व्होल्टचा पॅसिव्ह इंजेक्टर लावू नका. तो काही न विचारता वीज सोडतो.

आणि नवी केबल भिंतीत जाण्याआधी तिचं टोक सोलून तार ब्लेडने खरवडा. आत पांढरं दिसलं, तर खोकं दुकानदाराला परत करा.